फ्रेंचची परीक्षा : आधी बंदर ठरवा, मग माल भरा

घाटकोपर, कुर्ला, अंधेरी, मुलुंड या बाजूच्या आपल्या व्यापारी घरांतून गेली काही वर्षे एक नवाच सवाल ऐकू येतो. पूर्वी आमच्या पेढीवर येणारा माणूस सुताचा भाव विचारायचा, भिवंडीत किती माग बंद आहेत ते विचारायचा, उधारीचे रडगाणे गायचा. आता तोच माणूस चहाची बशी खाली ठेवत विचारतो, "भाई, पोराला फ्रेंच शिकवतोय. कुठली परीक्षा चांगली?" कुणाच्या मुलाला कॅनडाला जायचे आहे, कुणाच्या मुलीला मालाडच्या कॉल सेंटरात जास्त पगाराची जागा हवी आहे, कुणी पश्चिम आफ्रिकेत माल पाठवतो.

हा सवाल म्हणजे "कुठले कापड चांगले?" असे विचारण्यासारखा आहे. त्यावर कापडवाला एकच उलट सवाल करतो : कशासाठी? सदऱ्याला पाहिजे की सोफ्याला? मलमल उत्तम असते, पण तिचा तंबू होत नाही. फ्रेंचच्या परीक्षांचेही तसेच आहे. सगळ्या खऱ्या, सगळ्या सरकारमान्य, आणि तरीही एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आमच्याच घरात ही चूक झाली आणि तिची किंमत मोजावी लागली, म्हणून हे लिहितो आहोत.

आम्हाला गरज का पडली

आम्ही उर्दू माध्यमात शिकलेले. इंग्रजी शिकलो ती दुकानात, एल.सी. आणि बिल ऑफ लेडिंग वाचता वाचता. फ्रेंचशी आमचा संबंध यायचे काही कारणच नव्हते. तो आला २०१२ साली. टोगो देशातल्या लोमे बंदराच्या एका पार्टीने छापील पॉलिस्टरची ऑर्डर दिली. आफ्रिकेच्या कापडबाजारात लोमेचे नाव मोठे. तिथल्या बायका घाऊक कापडाच्या व्यापारात इतक्या पुढे गेल्या की मर्सिडीज बेंझ गाड्यांतून फिरणाऱ्या म्हणून त्यांना 'नाना बेंझ' हे नावच पडले. १९९४ मध्ये तिथल्या सीएफए फ्रँकची किंमत एका रात्रीत निम्मी झाली आणि त्या व्यापाराला मोठा धक्का बसला, तरी बाजार उभा राहिला.

तर त्या पार्टीचे दोन पानी पत्र फ्रेंचमध्ये आले. ओळखीच्या एका कॉलेजकुमाराने वाचून सांगितले, "अंकल, ऑर्डर पक्की आहे." आम्ही न्हावाशेवाहून कंटेनर लावला. पत्रात एका ओळीत 'सू रेझेर्व' असे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ 'अमुक अटीवर'. अट अशी, की रंगाचा नमुना त्यांनी पास केल्यावरच माल लावायचा. नमुना पास झाला नव्हता. माल चाळीस दिवस बंदरात पडून राहिला, डॅमरेज चढत गेले आणि शेवटी तो दुसऱ्याला पडत्या भावात द्यावा लागला. पार्टीचा यात काहीच कसूर नव्हता. त्यांनी लिहिले होते, आम्हाला वाचता आले नाही.

वाचक म्हणतील, आता मोबाइल तर्जुमा करून देतो. देतो, आणि आम्हीही वापरतो. पण पार्टी फोनवर तावातावाने बोलू लागली की मोबाइल चाचपडत बसतो, आणि सौदा तुटतो तो नेमका त्याच वेळी. शिवाय आकड्यांची गंमत वेगळीच. फ्रेंच कागदावर दशांश दाखवायला टिंब नसते, स्वल्पविराम असतो. तिकडचा माणूस २,५०० लिहितो तेव्हा तो अडीच म्हणत असतो. आपण अडीच हजार वाचतो.

सेनेगल, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टोगो, कॅमेरून हा सगळा पट्टा कागदोपत्री फ्रेंचमध्ये चालतो. मालीने २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचला राजभाषेच्या जागेवरून उतरवले, नायजरनेही २०२५ मध्ये तेच केले. पण कामकाजाची भाषा म्हणून ती दोन्हीकडे ठेवलेली आहे, आणि व्यापाऱ्याला तेवढे पुरते. या भागातल्या सतरा देशांनी मिळून व्यापाराचा कायदा एक केला आहे. त्याला 'ओहादा' म्हणतात. १९९३ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईस येथे त्याचा करार झाला. कंपनी, हमी, वसुली, लवाद, सगळे त्यात येते आणि त्याची मूळ भाषा फ्रेंच. आमच्या कोकणातल्या भावांना तर हे जवळचे वाटायला हवे, कारण काजूच्या कारखान्यांत फुटणारे कच्चे बी मोठ्या प्रमाणात आयव्हरी कोस्टमधून येते.

आपल्या लोकांना फ्रेंच नवी आहे असेही नाही. हिंदी महासागरात रेयुनिओं नावाचे फ्रान्सचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत बाजूचे मुसलमान व्यापारी तिथे गेले आणि त्यांनी कापडाची दुकाने टाकली. तिथले लोक त्यांना 'झाराब' म्हणतात, म्हणजे अरब. अरब नसून ते गुजराती. सॅं-दनी शहरात त्यांनी बांधलेली नूर-ए-इस्लाम मशीद १९०५ ची आहे. मादागास्करला खोजे आणि बोहरी गेले. मॉरिशसला तर रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबे उसाच्या मजुरीला गेली, आणि त्यांची नातवंडे-पणतवंडे आज क्रिओल आणि फ्रेंच बोलतात. या कुणीही परीक्षा दिली नव्हती. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकाच्या तोंडून ते फ्रेंच शिकले. आज मात्र व्हिसाच्या खिडकीवरचा माणूस तुमचे बोलणे ऐकत नाही, कागद मागतो.

दोन घरे, चार नावे

आता कागदांकडे येऊ. जाहिरातींत डझनभर नावे दिसतात. घरे दोनच आहेत.

पहिले घर फ्रान्सच्या शिक्षण खात्याचे. पॅरिसजवळ सेव्र येथे त्यांची 'फ्रान्स एज्युकास्यों इंटरनॅशनल' ही संस्था आहे. डेल्फ आणि डाल्फ या पदविका तिच्या, आणि टीसीएफ ही चाचणीही तिचीच. दुसरे घर आपल्या बिरादरीचे म्हणावे असे : पॅरिसची व्यापारी पेढी, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्स. टेफ ही त्यांची चाचणी. भाषेची परीक्षा चेंबर ऑफ कॉमर्स घेते हे ऐकून आम्हाला प्रथम नवल वाटले, मग समाधान वाटले.

पातळ्या सहा : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव-भाव सांगता येणे. बी२ म्हणजे वाद घालता येणे. पहिल्या चार पातळ्यांना डेल्फ म्हणतात, वरच्या दोनांना डाल्फ. १९८५ पासून या पदविका आहेत.

डेल्फ आणि टीसीएफ यांतला फरक कापडाच्या भाषेत सांगतो. डेल्फमध्ये तुम्ही आधी सांगता, "मी बी२ चे थान आणले आहे." तपासणारा थान उलगडून पाहतो. बसले तर बी२ चा दाखला, नाही बसले तर हात रिकामे; खालचा बी१ आपोआप मिळत नाही. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे, प्रत्येकाला पंचवीस गुण, एकूण शंभरात पन्नास हवेत आणि कुठल्याही एका भागात पाचाच्या खाली चालत नाही. हा दाखला जन्मभराचा. टीसीएफ आणि टेफ यांत पास-नापास नाही. तिथे गज लावून मोजतात आणि जितके भरले तितके लिहून देतात. पण त्या मापाची मुदत दोन वर्षे. दोन वर्षांनी तो कागद रद्दी.

ही मुदतीची गोष्ट नीट लक्षात ठेवावी. डेल्फ लवकर काढली तर नुकसान नाही. टीसीएफ किंवा टेफ घाईने दिली आणि बाकीचे कागद तयार नसले, तर फी पाण्यात. आणि कॅनडासाठीच्या या चाचण्यांची फी पाच आकड्यांत असते.

भाच्याची गोष्ट

आमची बहीण मुलुंडला राहते. तिचा मुलगा बी.कॉम. करून अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत कागदपत्रांचे काम पाहतो. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने कॅनडाचे मनावर घेतले. कुणीतरी सांगितले, फ्रेंच येत असेल तर जास्त गुण मिळतात. ते खरेच आहे. कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्री योजनेत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत सातवी पातळी आणि इंग्रजीत पाचवी किंवा वर असेल, तर पन्नास गुण जादा मिळतात. २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या सोडती निघू लागल्या. २०२४ आणि २०२५ मधल्या काही सोडतींत चारशेच्या खालच्या गुणांनाही बोलावणे गेले, आणि त्याच काळात इतरांना पाचशेच्या वर गुण असूनही थांबावे लागत होते.

भाच्याने उपनगरातल्या एका क्लासमध्ये नाव घातले. नाव इथे देत नाही, असे क्लास स्टेशनागणिक आहेत. क्लासवाले म्हणाले, "बी२ करा, कॅनडा पक्के." पोरगा चौदा महिने सकाळी सहाला उठून शिकला, कामावरून परत येऊन शिकला, लोकलच्या दारात उभा राहून कानाला यंत्र लावून शिकला. डेल्फ बी२ एकसष्ट गुणांनी पास झाला. बहिणीने साऱ्या चाळीत पेढे वाटले.

मग तो कॅनडाचा अर्ज भरायला बसला. 'फ्रेंचची कोणती चाचणी दिली?' या रकान्यात निवडायला दोनच नावे : टेफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा. डेल्फ नाही. त्याला वाटले, आपल्याकडून पान चुकीचे उघडले. तीनदा उघडून पाहिले. रात्री अकराला आम्हाला फोन, "मामू, माझा कागद चालत नाही म्हणतात."

क्लासवाल्यांना विचारले तर ते म्हणाले, "आम्ही भाषा शिकवायचे कबूल केले होते, फॉर्म भरायचे नाही." आम्ही व्यापारी माणसे, त्यांच्या जागी असतो तर कदाचित आम्हीही असेच म्हणालो असतो, म्हणून भांडलो नाही. पण राग आजही आहे.

पुढे त्याने टीसीएफ कॅनडा दिली. इथे ऐकण्याचे एकोणचाळीस प्रश्न पस्तीस मिनिटांत, वाचण्याचे तेवढेच प्रश्न साठ मिनिटांत, लिहिण्याची तीन कामे साठ मिनिटांत आणि बोलण्याची तीन कामे बारा मिनिटांत. सातव्या पातळीला ऐकण्यात ४५८, वाचण्यात ४५३ आणि लिहिण्या-बोलण्यात वीसपैकी दहा लागतात. भाच्याला वाचण्यात ४७०, लिहिण्यात दहा, बोलण्यात अकरा मिळाले. ऐकण्यात ४४१. सतरा गुणांसाठी एक पाय सहाव्या पातळीवर राहिला, आणि चारांपैकी एक पाय आखूड असलेले टेबल कॅनडाला चालत नाही. पुन्हा फी, पुन्हा तारीख. मुंबईत जागा भरलेल्या, म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन परीक्षा दिली. त्या वेळी ४७१ मिळाले.

दरम्यान पोराला तीस पूर्ण झाले. कॅनडाच्या हिशोबात एकट्या माणसाला एकोणतीस वर्षांपर्यंत वयाचे ११० गुण असतात, तिसाव्या वर्षी १०५, एकतिसाव्याला ९९. चुकीच्या परीक्षेचा खरा खर्च हा. फीचे पैसे पुन्हा मिळवता येतात.

डेल्फ अगदीच वाया गेली असेही नाही. तिच्या जोरावर कंपनीने त्याला आफ्रिकेच्या फ्रेंच पार्ट्यांचे टेबल दिले आणि पगार वाढवला. शिवाय कॅनडातच क्युबेक नावाचा प्रांत आपली माणसे आपण निवडतो, आणि तिथल्या यादीत डेल्फ-डाल्फही आहेत. एकाच देशात दोन दुकाने, दोन दर. क्युबेकचे नियम मात्र फार हलतात, अर्ज करायच्या आठवड्यात त्या सरकारची यादी स्वतः उघडून पाहावी. दलालाच्या तोंडावर जाऊ नये.

टेफ की टीसीएफ

कॅनडासाठी या दोनांतली कुठलीही चालते, मग कुठली घ्यावी? स्वभाव पाहून घ्यावी असे आमचे मत. टेफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेत दोन भाग असतात. पहिल्यात एक जाहिरात समोर ठेवतात आणि तुम्ही फोन केल्यासारखे करून चौकशी करायची : किती, केव्हा, कुठे, भाव काय. दुसऱ्यात दुसरी जाहिरात दाखवून समोरच्या मित्राला पटवायचे. तो नाही म्हणतो, तुम्ही पटवत राहायचे. मिळून पंधरा मिनिटे. आपली दुकानदारीची पोरे इथे खुलतात. जन्मापासून दुसरे केले काय? टीसीएफमध्ये शेवटच्या कामात एखाद्या विषयावर आपले मत मांडायचे असते, ते कॉलेजात शिकलेल्या, सलग बोलायची सवय असलेल्या मुलांना सोपे जाते. लिहिण्यातही तसाच फरक : टीसीएफमध्ये तीन छोटी कामे आणि शेवटच्यात दोन मतांची तुलना; टेफमध्ये अर्धवट बातमी पुरी करायची आणि वर्तमानपत्राला पत्र लिहायचे. फी भरण्यापूर्वी दोन्हींचे नमुने घरी बसून सोडवून पाहावेत.

एक खबरदारी. दोन्ही नावांच्या बहिणी पुष्कळ आहेत. टीसीएफ कॅनडा वेगळी, टीसीएफ क्युबेक वेगळी, फ्रान्सच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला अर्ज करण्याची टीसीएफ वेगळी, फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्याची टीसीएफ आयआरएन वेगळी. पावतीवर पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. सूत एकच असले तरी काउंट वेगळा असतो.

फ्रान्सलाच जायचे असेल तर हिशोब सोपा. फ्रेंचमधून शिकायचे तर विद्यापीठे साधारणपणे बी२ मागतात, आणि तिथे डेल्फ बी२ हे सोन्याचे नाणे. इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रमही तिथे पुष्कळ आहेत, त्यांना फ्रेंचचा दाखला सहसा लागत नाही. पण घरमालक आणि भाजीवाला इंग्रजीत बोलत नाहीत. तिथे स्थायिक होणाऱ्यांसाठी २०२४ च्या कायद्याने अटी कडक केल्या. १ जानेवारी २०२६ पासून अनेक वर्षांच्या परवान्याला ए२, दहा वर्षांच्या कार्डाला बी१ आणि नागरिकत्वाला बी२ लागते. ज्यांच्या मुली लग्न होऊन तिकडे गेल्या आहेत त्यांनी हे लिहून ठेवावे.

नोकरीसाठी, म्हणजे मालाड, पवई, ऐरोलीच्या कंपन्यांत फ्रेंच गिऱ्हाइकांशी बोलण्याच्या जागांसाठी, डेल्फ बी२ घ्यावी. मुदत नाही, एकदा काढली की आयुष्यभर बायोडेटात राहते. शाळकरी मुलांसाठी डेल्फ ज्युनिअर आहे. दाखला तोच, प्रश्न मुलांच्या वयाला साजेसे. दहावीला फ्रेंचमध्ये शंभरात पंच्याण्णव मिळवलेली मुले ए२ च्या तोंडीला गप्प बसलेली आम्ही पाहिली आहेत, तेव्हा शाळेच्या गुणांवर भाषेचे माप काढू नये.

आम्ही बसलो परीक्षेला

आता आमच्यासारख्यांचे, म्हणजे व्यापाऱ्यांचे. खरे सांगायचे तर आबिजान किंवा लोमेच्या कुठल्याही पार्टीने आम्हाला आजवर दाखला मागितलेला नाही. ते माल पाहतात. पॅरिसच्या चेंबरच्या व्यापारी फ्रेंचच्या वेगळ्या पदविका आहेत, पत्रव्यवहार आणि बैठका यांवर भर देणाऱ्या. एक्स्पोर्ट हाऊसमध्ये नोकरी करणाऱ्या मुलांना त्या उपयोगी पडतील. मालकाला परीक्षा हवी ती स्वतःला टोचणी लावायला. तारीख समोर नसली की दुकानदार अभ्यास करत नाही.

म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आम्ही ए१ ला बसलो. चर्चगेटजवळ न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये आलियॉंस फ्रान्सेज आहे, १९३८ पासूनची संस्था, तिथे नाव घातले. वर्गात सगळी कॉलेजची मुले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हालाच मास्तर समजून उभे राहून 'बोंझूर' केले.

उर्दू शाळेचा फायदा मात्र तिथे कळला. फ्रेंचचा 'र' घशातून येतो, तो आमचा ग़ैन. 'झूर' मधला झ म्हणजे आमचा तीन नुक्त्यांचा झे. 'बों' म्हणजे नून-ए-गुन्ना. लिहायचे आणि बोलायचे नाही अशी फ्रेंचमध्ये अक्षरांची फौज आहे, मुले वैतागतात. पण 'ख़्वाब' मधला वाव लिहून न बोलणाऱ्याला त्यात नवल काय? वस्तूंना लिंगे दोनच, उर्दूसारखी; मराठीसारखे तिसरे नाही. आणि ऐंशी म्हणजे त्यांच्याकडे 'चार विसा'. सगळा वर्ग हसला. आम्ही मनात म्हटले, चार कोडी! कापडाच्या धंद्यात वीस नगांची कोडी आम्ही लहानपणापासून मोजत आलो आहोत.

ए१ च्या तोंडीत शेवटी दुकानाचा खेळ असतो. परीक्षक दुकानदार, आपण गिऱ्हाईक. नाण्या-नोटांची चित्रे देतात आणि खरेदी करायला सांगतात. आम्हाला टोपी घ्यायची होती. बाईंनी वीस युरो सांगितले. तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेले, "फार महाग! बारा." बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि अठरा म्हणाल्या. पंधराला सौदा तुटला. बोलण्यात आम्हाला पंचवीसपैकी एकवीस मिळाले, लिहिण्यात जेमतेम बारा. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या हाताला त्यांचे टोप्या घातलेले स्वर अजून जमत नाहीत.

वेळेचा अंदाज हवा असेल तर शिकवणारी मंडळी बी२ ला शून्यापासून साधारण पाचशे ते साडेसहाशे तास धरतात. रोज दोन तास म्हटले तरी वर्ष जाते. "तीन महिन्यांत बी२" अशी पाटी घाटकोपर स्टेशनच्या पुलावर दिसली तर ती 'तीन धुण्यांत रंग जाणार नाही' या पाटीच्या शेजारी ठेवावी. क्लासवाल्याला नाव घालण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून मागाव्यात : कुठली परीक्षा, पूर्ण नावानिशी, ती कुठल्या कामाला चालते, आणि शिकवणाऱ्याची स्वतःची पातळी काय. तोंडी सांगितलेल्या भावावर आपण कापड घेत नाही.

भाच्याचा दुसरा निकाल अजून चालू आहे, मुदत संपायला सात महिने राहिले आहेत. अर्ज गेलेला आहे. बोलावणे आले तर पुढचे कागद भरण्याच्या दिवशीही निकालाची मुदत शिल्लक असावी लागते, म्हणून बहीण दर आठवड्याला कॅलेंडर पाहते. तिला तो जावा असेही वाटते आणि जाऊ नये असेही. आमचेही तसेच. गेल्या महिन्यात लोमेच्या त्याच जुन्या पार्टीचे पत्र आले, बारा वर्षांनी ती पुन्हा माल मागते आहे. भाच्याने मुलुंडहून येऊन ते मोठ्याने वाचून दाखवले, आणि दुसऱ्या पानावर आम्हीच त्याला थांबवले. 'सू रेझेर्व' तिथे पुन्हा होते. या वेळी नमुना आधी कुरिअरने गेला. ए२ चा आमचा फॉर्म भरलेला आहे.